वाक्याचा मान

सँड्रीना बाईंना पहिला धक्का दिला तो विडी ओढणाऱ्या कुर्लीने.

सहावीतल्या अनिशने वहीत लिहिलं होतं, 'माय ग्रँडफादर कॉट अ क्रॅब स्मोकिंग अ बिडी.' म्हणजे आजोबांनी कुर्ली पकडली, आणि ती कुर्ली त्या वेळी निवांत विडी ओढत होती. बाईंनी ते दोनदा वाचलं. मग अनिशला विचारलं, की विडी कोण ओढत होतं? तर आजो. मग कुर्ली काय करत होती? तर ती पळत होती. बाईंनी फळ्याजवळ जाऊन समजावलं, की इंग्रजीत वर्णन करणारा शब्द त्याच्या धन्याशेजारीच उभा करायचा. लांब उभा केलात तर तो जवळ जो सापडेल त्याला चिकटतो, आणि मग कुर्ल्या विड्या फुंकायला लागतात. पोरं हसली, माना डोलावल्या, आणि दुसऱ्या दिवशी तन्वीच्या वहीत एक म्हैस छत्री घेऊन शाळेत आली.

तेव्हा बाईंनी ठरवलं, फळा बस झाला. आता पोरांनाच शब्द करायचं.

त्याला कारणही तसंच होतं. सँड्रीना मालवणची, साल्वादोर फर्नांडिसांची धाकटी. धामापूरच्या तळ्यामागे डोंगराच्या कुशीत खोलवाडी नावाचं गाव आहे, तिथल्या शाळेत तिची नेमणूक तात्पुरती होती आणि मुदत मार्चअखेर संपत होती. फेब्रुवारीत तालुक्याहून साहेब पाठ बघायला येणार होते. साहेबांनी शेरेबुकात चार बरे शब्द लिहिले तर मुदत वाढणार, नाही लिहिले तर एप्रिलपासून घरी बसून बापाबरोबर बांगडे साफ करायचे. इतका साधा हिशेब होता.

बाईंनी पुठ्ठे कापले. दहा पोरं, दहा पाट्या. गळ्यात सुतळीने अडकवायच्या. वाक्य सोपं: 'द ओल्ड मॅन सोल्ड मँगोज टू द गर्ल.' आठ शब्दांची आठ पोरं, नववा पूर्णविराम, आणि दहावी होती भक्ती. तिच्या गळ्यात 'ओन्ली'. या ओन्लीला ठरावीक जागा नाही. ती वाक्यात हिंडणार, जिथे थांबेल तिथे अर्थ बदलणार. ओल्डच्या पाठी उभी राहिली की काय, मँगोजच्या पुढे गेली की काय, हे बाकीच्यांनी सांगायचं. भक्तीलाच ही पाटी का, तर ती सगळ्यात चटपटीत. तिचे बाबा रेडीला खनिजाचा डंपर चालवायचे, पंधरा वर्षांपूर्वी इथे येऊन राहिले, पण गाव अजून त्यांना 'ते रेडयेचे', म्हणजे रेडी गावाहून आलेले, म्हणायचं.

शाळेच्या ओसरीवर दोन दिवस तालीम झाली. ओसरी रस्त्याला लागून. येणारेजाणारे डोक्यावरचा भारा न उतरवता थांबून बघत होते. बाईंना वाटलं, वा, गावाला शिक्षणाची आवड आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबली गावकार आले. अनिशचे आजोबा, विडीवाले. गावात देवाचा पहिला मान त्यांच्या घराचा. जत्रेत पहिला नारळ त्यांचा, तरंग, म्हणजे वस्त्रं नेसवलेले देवाचे खांब, निघाले की पहिलं पाऊल त्यांचं. टोपी घालून आले म्हणजे काम गंभीर. खुर्चीवर बसले, पाणी घेतलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, आमचो अनिश दुसऱ्या जाग्यार कशाक उभो केल्यात?"

बाईंना प्रश्नच कळला नाही. त्यांनी आपल्याकडून नीट सांगितलं, की अनिश 'ओल्ड' आहे आणि ओल्ड हा मॅनच्या पुढेच हवा.

"ता तुमचां खरां. पण पुढे कोण उभां आसा? घाड्याचां चेडू."

आणि मग बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला आणि पडला तसाच विझला. पहिल्या 'द'ची पाटी तन्वीच्या गळ्यात होती. तन्वी ही गंगाराम घाडींची नात. घाडी म्हणजे देवापुढे गाऱ्हाणं घालणारं घर. मोठा मान, पण गावकाराच्या पाठचा. आणि बाईंनी भर रस्त्यावर, दोन दिवस, सगळ्या गावादेखत, घाड्याला गावकाराच्या पुढे उभं केलं होतं.

बाईंनी सांगून पाहिलं, की हे शब्द आहेत, माणसं नव्हेत. बाबली म्हणाले, की गळ्यात पाटी असली तरी आत नातू त्यांचाच आहे. त्यांनी तोडगाही आणला होता: ओल्ड सगळ्यात पुढे ठेवा. 'ओल्ड द मॅन.' बाई म्हणाल्या, मग ते इंग्रजी राहणार नाही. त्यावर बाबलींनी त्यांच्याकडे ज्या मायेने बघितलं, ती माया बाई पुढे कित्येक दिवस विसरल्या नाहीत. "इंग्रजी काल इली, बाई. आमचो मान त्याच्या आदीचो."

बाईंनी पाट्या बदलल्या. अनिश झाला पहिला 'द', तन्वी झाली दुसरा 'द', गर्लच्या पुढचा. ओल्डची पाटी एका तिसऱ्याच पोराला गेली. बाईंना वाटलं, मिटलं.

संध्याकाळी गंगाराम घाडी स्वतः केळ्यांची फणी घेऊन आले. गावकाराच्या नातवाला जो शब्द, तोच घाड्याच्या नातीला दिलात, हे फार बरं केलंत, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबली आले ते केळी न घेता. एकच शब्द दोन घरांना? मान काय पिठाची गिरण आहे, कुणीही यावं आणि दळून न्यावं?

मुख्याध्यापक ओमकार सावंत सरांची निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ते बाईंना म्हणाले, की पुढची जागा हलवू नका, पाठची हलवू नका आणि मधल्याला तर हातच लावू नका. मग वाक्य कसं शिकवू, असं बाईंनी विचारलं. सर म्हणाले, शिकवायला कोणी सांगितलंय, साहेब येऊन जाऊ देत. या सगळ्या गावात समाधानी माणूस एकच होतं, राधाबाई. त्यांचा नातू पूर्णविराम होता, आणि आमच्या पोराशिवाय कुणाचंच काही संपत नाही, हे त्या पाणवठ्यावर सांगत फिरत होत्या.

साहेब आले त्या दिवशी शाळेच्या अंगणात पन्नास तरी माणसं होती. बाईंनी पन्नासाव्याला मोजलं आणि मोजणं सोडलं. पुरुष धुतलेल्या धोतरात, बायका नऊवारीत, आणि ओसरीच्या खांबाशी केळीच्या पानावर नारळ आणि विडा. साहेबांना वाटलं, आपलं स्वागत. त्यांनी हात जोडले. कुणी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

पोरं रांगेत उभी राहिली. बाई 'गुड मॉर्निंग' म्हणायला तोंड उघडतात तोच गंगाराम घाडी पुढे झाले, डोळे मिटले आणि खड्या आवाजात सुरू झाले.

"हे देवा म्हाराजा, आज ह्या शाळेत इंग्रजी वाक्य उभां रवता हा..."

"व्हय म्हाराजा," अख्खं अंगण म्हणालं.

"...तेका कोणाची दृष्ट लागली आसात, कोणी वाकडां पाऊल टाकलां आसात..."

"व्हय म्हाराजा."

"...तर ता वाईट बाजूक कर, आणि शब्दाक शब्द लागान शेवट गोड कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यातला सगळ्यात मोठा आवाज साहेबांचा होता.

बाईंनी चमकून बघितलं. साहेबांनी बूट काढले होते. ते पाठ तपासायला आले आहेत, हे बाईंखेरीज त्या अंगणात कुणालाच आठवत नव्हतं.

मग पाठ सुरू झाला, आणि नवल म्हणजे बराही झाला. भक्ती वाक्यात हिंडू लागली. मँगोजच्या पुढे थांबली, तेव्हा पूर्णविराम ओरडला, की म्हाताऱ्याने फक्त आंबेच विकले, काजू नाही. 'टू'च्या पुढे थांबली, तेव्हा मँगोज म्हणाला, त्या मुलीलाच विकले, दुसऱ्या कुणाला नाही. साहेब खूश झाले. खुशीत उठून मराठीत म्हणाले, "आता ओन्लीने अगदी पुढे जावं. सगळ्यांच्या पुढे."

भक्ती गेली. अनिशच्या, म्हणजे गावकाराच्या, म्हणजे साडेतीनशे वर्षांच्या मानाच्या पुढे जाऊन उभी राहिली.

अंगणातल्या सगळ्या माना बाबली गावकारांकडे वळल्या. साहेबांनी विचारलं, आता अर्थ काय? भक्तीने घडाघड सांगितलं, की त्या म्हाताऱ्यानेच विकले, बाकी कुणी विकलेच नाहीत. एकदम बरोबर. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

बाबली गावकार उठले. त्यांच्या पाठोपाठ गंगाराम घाडी उठले. गेल्या आठवड्याभरात पहिल्यांदा दोघे एका बाजूला होते. रेडयेच्या चेडवाक पहिलो मान कोणी दिल्यान, हा प्रश्न होता, आणि तो बाईंना नव्हता, साहेबांना होता. भक्तीचे बाबा कुंपणाच्या बाहेर डंपरला टेकून उभे होते. ते आत आले नाहीत, पण गेलेही नाहीत.

बाईंनी मनातल्या मनात बांगडे साफ करायला घेतले.

आणि साहेब खुर्ची बाजूला सारून जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांनी विचारलं, बारा-पाचांपैकी, म्हणजे गावच्या मानाच्या घरांपैकी, कोण कोण हजर आहे? ते स्वतः घाटाखालच्या एका गावचे मानकरी निघाले. त्यांच्या गावात देवळाला सात वर्षं कुलूप होतं, कारण पालखीचा उजवा दांडा. पुढचे दोन तास साहेबांनी प्रत्येक घराचं ऐकून घेतलं. मॅनच्या आजीचं ऐकलं, सोल्डच्या काकाचं ऐकलं. इंग्रजीचा एक शब्द कुणी काढला नाही. शेवटी उन्हं कलली तेव्हा त्यांनी शेरेबुक मागवलं आणि ठळक अक्षरात लिहिलं: 'वाक्यातील स्थानाबाबत वाद उपस्थित. निकाल लागेपर्यंत जैसे थे.' सही केली, विडा घेतला आणि गेले.

पाठ कसा झाला, याबद्दल एक अक्षर नाही. बाई पान उलटून पालटून बघत राहिल्या.

घरी जाऊन त्यांनी बापाला सगळं सांगितलं. हसेल, धीर देईल, असं वाटलं होतं. साल्वादोर चर्चच्या फेस्ताच्या मिरवणुकीतल्या छत्रीच्या दांड्यावरून सख्ख्या चुलतभावाशी, जेरीशी, नऊ वर्षं बोलत नव्हते. ते जाळ्याची गाठ मारता मारता थांबले आणि म्हणाले, "पण बाये, शेवटाक पुढे कोण उभो रवलो?"

भक्ती, असं तिने सांगितलं.

"मगे मिटवू नको," साल्वादोर म्हणाले. "मी आणि जेरी उद्या एक झालंव, तर आमका दोगांकय कोण इचारतलो?"

सावंत सरांनी निवृत्ती डोळ्यांपुढे ठेवून हुकूम तंतोतंत पाळला. रोज अकरा वाजता दहा पोरं पाट्या घालून त्याच क्रमाने उभी राहायची. सगळ्यात पुढे भक्ती. सर रांग तपासून सही करायचे, आणि दोन्ही घरांकडून एकेक माणूस बघायला यायचा. अनिशला गोवर उठला तेव्हा त्याच्या जागी त्याची पाटी खुंटीला टांगून उभी केली. महिन्याभरात भक्तीची आई पाणवठ्यावर राधाबाईंच्या शेजारी हंडा भरू लागली. वाक्यात पहिली असलेल्या पोरीच्या आईला मागे थांब कसं म्हणणार?

मार्च संपला. बाईंनी टेबलाचा खण रिकामा केला, डबा पिशवीत टाकला. तेवढ्यात तालुक्याचं पत्र आलं. शेरेबुकाची नक्कल वर गेली होती आणि वर कुणीतरी ती फार काळजीपूर्वक वाचली होती. 'सदर वाक्य व संबंधित शिक्षिका यांच्या स्थितीत वाद मिटेपर्यंत कोणताही बदल करू नये.' बाईंनी डबा परत टेबलावर ठेवला. त्यांनी ते पत्र विडीच्या वाक्यासारखंच दोनदा वाचलं. पण इथे सगळे शब्द आपापल्या जागी होते.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात बाबली गावकार आणि गंगाराम घाडी एकत्र आले. एकत्र, म्हणजे एकाच स्कूटरवरून. बाबलींच्या हातात नारळ होता, गंगारामांच्या चेहऱ्यावर हसू. बाईंना आधी तालुक्याचं पत्र आठवलं: 'वाद मिटेपर्यंत'.

दोघांनी आळीपाळीने सांगितलं. वाद मिटला. पहिले सहा महिने अनिश पुढे, नंतरचे सहा महिने तन्वी. त्या रेडीच्या मुलीला तिच्या जागी मागे पाठवायचं. आता बाईंनी नारळ वाढवायचा आणि सरांनी तसं वर कळवायचं.

खिडकीतून रांग दिसत होती. भक्ती छाती काढून पुढे उभी होती आणि पाठच्या अनिशला दटावत होती, की सरळ उभा राहा, नाहीतर अर्थ बदलतो.

बाईंनी चहा मागवला. फार बरं झालं, म्हणाल्या. गाव एक झालं, याहून आनंद तो कसला. मग खण उघडून त्यांनी एक छोटी, कोरी करकरीत पाटी काढली आणि नारळाशेजारी ठेवली.

"ह्यो स्वल्पविराम," त्या म्हणाल्या. "औंदाच्या वाक्यात एकच आसा. वाक्याच्या मधोमध उभो रवता. हो थांब म्हणालो की पुढचे थांबतत, पाठचे थांबतत, सगळ्यांका थांबूचा लागता. कोणाच्या घराक देऊ?"

बाबलींनी कप बशीत ठेवला. गंगारामांनी आपली खुर्ची हातभर लांब सरकवली.

"तसां बघूक गेल्यार," बाबली पाटीवरची नजर न काढता म्हणाले, "थांबवचो मान पयल्यापासून आमच्याच घराचो."

बाईंनी नारळ उचलून खणात ठेवला आणि खण बंद केला.