बिनटाक्याची गाठ

“पाय आवरा हो बाई, करंगळी चेंगरली माझी!” मागची बाई मनोरमाच्या कानाशी कुरकुरली, आणि लगेच विरघळून विचारू लागली, “मालकांसाठी आलात का?”

कामणच्या गोदामांमागे पत्र्याच्या शेडमध्ये माणसं दाटीवाटीने उभी होती. पुढे उदाच्या धुरात ‘बिनटाक्याचे बाबा’ पोटातल्या गाठी नुसत्या बोटांनी काढत होते. सुरी नाही, टाका नाही, साधा ओरखडाही नाही! मनोरमाला बोलायला कोणीतरी हवंच होतं. तिने सगळं सांगून टाकलं. नवऱ्याला, चंद्रहासना, लघवी अडखळत होतेय, रक्ताच्या तपासणीत आकडा वाढलेला आला, माणिकपूरच्या डॉक्टरणीने सुईने तुकडा काढून तपासायला सांगितलंय. आणि थोरले दीर शत्रुघ्न अशीच सुई लागली नि महिन्याभरात गेले.

“अगं बाई!” म्हणत ती पाणी प्यायला गेली, ती परत आलीच नाही.

चंद्रहासना फळीवर निजवलं तेव्हा बाबांनी डोळे मिटले. “तुझ्या मागे थोरला उभा आहे. सुईने गेलेला. नको म्हणतोय.”

चंद्रहासचा चेहरा पांढरा पडला. गिरीज गावच्या घरी ते हल्ली दाराकडे पाठ करून बसत नसत. वाडीतल्या नळापाशी दादा खोकतो, म्हणत. मनोरमा त्यांना वेड्यात काढी आणि स्वतः मात्र तिन्हीसांजेनंतर नळावर जाणं टाळी.

“डॉक्टरची सुई म्हणजे काय?” बाबा गर्दीकडे वळले. “मधाच्या पोळ्यात काठी! शिकलेली माणसं पैसे मोजून काठी घालून घेतात. मी अख्खं पोळं उचलतो, एक माशी उठत नाही!”

पिवळं फडकं ओटीपोटावर पसरलं. बाबांनी त्यावर ओले हात दाबले, फडकं लालभडक झालं आणि मुठीतून गाठ निघाली. जांभळट, चिवट, चकाकणारी. बायांनी हात जोडले. चंद्रहास लहान पोरासारखे रडले. बाबांनी गाठ त्याच फडक्यात बांधून मनोरमाच्या हातावर ठेवली. “खाडीत सोड. उघडू नकोस, वळून बघू नकोस.”

पुरचुंडी तळहातावर पडली मात्र, मनोरमाच्या बोटांनी ती ओळखली. डोक्याच्याही आधी. तिने बोटांना गप्प बसवलं.

घरी आनंदीआनंद. चंद्रहासनी दवाखान्यातली वेळ रद्द केली आणि दोनदा भात मागून घेतला. ‘ते’ गेलं, असं सगळे म्हणू लागले. त्या दुखण्याला घरात दुसरं नाव नव्हतंच. पुरचुंडी मात्र खाडीत गेली नव्हती. ती बर्फाच्या कप्प्यात होती. दर वेळी फ्रिज उघडताना मनोरमाला वाटे, आत कोणीतरी श्वास रोखून बसलंय. “खरी अस गं बाई,” ती मनात म्हणे आणि दार लावून घेई.

आठवड्याच्या आत चंद्रहास पुन्हा मोरीत ताटकळू लागले. नळापाशी दादाही पुन्हा खोकू लागला.

रविवारी मनोरमाने विळी मांडली. मुलगी तेजस्वी होती, शेजारून जाऊबाई बायजा आली होती. शत्रुघ्नची बायको. फडकं सोडून मनोरमाने गाठ चिरली. आतून पिवळी कातडी सुटून आली, आणि तिच्यात वाळूचे खडे.

“पोटा!” तेजस्वी किंचाळली. “आई, हा कोंबडीचा पोटा आहे! कलेजीबरोबर मिळतो तो!”

“जन्मभर साफ केलेत,” मनोरमा म्हणाली. “हातात आला तेव्हाच कळलं होतं.”

तेजस्वीने फडक्यावर लिंबू पिळलं. लाल डाग बघता बघता पिवळा झाला. “रक्त कधी लिंबाने पिवळं होतं? फडकं हळदीचं, हात चुन्याच्या निवळीत बुडवलेले. पण काका सुईने गेले, हे त्याला कोणी सांगितलं?”

मनोरमाला ती करंगळीवाली बाई आठवली. “मी,” ती म्हणाली. “रांगेत.”

चंद्रहास उंबऱ्यात उभे होते. कधी आले, कळलंच नव्हतं.

“बाबा,” तेजस्वी वडिलांकडे वळली, “माणिकपूरच्या डॉक्टर ॲनिशा काय म्हणाल्या? आधी एमआरआय. मग भूल देऊन, पडद्यावर बघत बघत, दोन पायांच्या मधल्या कातडीतून बारीक सुई, प्रोस्टेट ग्रंथीपर्यंत. शेवयांसारखे तुकडे काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. थोडे दिवस लघवीतून रक्त जाईल, क्वचित ताप येतो, त्यावर औषध आहे. सुईने ते पसरत नाही.”

डॉक्टर बाईमाणूस असून त्या जागेचं इतकं सरळ बोलते म्हणून चंद्रहास तेव्हा दवाखान्यात छताचा पंखा बघत बसले होते. आताही त्यांनी मान वरच केली.

“आईने विळीवर केलं तेच आहे हो ते. आत काय आहे, बघितल्याशिवाय कसं कळणार?”

“बाबा लबाड निघाला, कबूल,” चंद्रहास हळू म्हणाले. “पण दादा गेला ना सुईने? तो काय उगाच येतो?”

सगळे बायजाकडे बघू लागले. नेहमी असंच होई. कोणाला सुई सांगितली की बायजाचं कपाळ दाखवलं जाई, आणि बायजा खाली बघे.

आज तिने खाली बघितलं नाही.

“सुईनी नाय गेले ते, भावोजी,” ती म्हणाली. “रगत पडत होतं, तरी मी पान्यातून अंगारा पाजत बसली. तुमी सगळे बघत होता. कोनी बोललं नाय. सुई लागली तवा सगळं हाडात उतरलं होतं. सुईनी काय केलं? फक्त सांगितलं. मला ऐकायचं नव्हतं, म्हनून मी सुईवर ढकललं, नि तुमी माझ्यावर.” तिने श्वास घेतला. “त्यांना कॅन्सर होता. कॅन्सर. तुमाला असंल नाय तर नसंल. ते बघायला पायजे, भावोजी. बघा.”