दोनदा लुकलुकणारा दिवा

बटणाएवढा एक सेल.

ताईच्या फ्रीजच्या दारात इन्सुलिनची न फोडलेली बाटली.

"आजोबा अंथरुणाला खिळलेत हो. दिव्याच्या रिमोटला एकच बटण हवं, आणि सेल वर्षभर टिकायला हवा," रिमोटच्या दुकानात आलेला इसम म्हणाला होता.

चमत्कारी बाबांच्या दरबाराबाहेर जिन्यापर्यंत चपलांचा ढीग.

"लागला! लागला!" गर्दी ओरडली. ना तेल, ना वात. बाबांनी हात उंचावला आणि काचेच्या हंडीत उजेड पडला.

"इन्सुलिनची सुई सुटली, दिवा पेटला! डॉक्टर काय, दुकानदार मेले!" बाबा म्हणाले.

पुढच्या रांगेत ताई भावोजींच्या खांद्यावर कलंडली होती. तीन दिवस इन्सुलिन नाही. ओठ सुकलेले, श्वास भात्यासारखा.

"ताई, पाया पडते, दवाखान्यात चल," धाकटी बहीण म्हणाली. तिचं रिमोट दुरुस्तीचं दुकान होतं.

"गप गं! दिवा दिसत नाही तुला?"

दिसत होता. दोनदा लुकलुकून मग स्थिर. ही लुकलुक तिनेच बसवलेली! आजोबांचं नाव सांगून दिवा आणि रिमोट बनवून नेणारा इसम आता एका हाताने बाबांना वारा घालत होता, दुसरी मूठ मिटलेली. बटण दाबलं की रिमोटमधली चिप जागी होते, न दिसणाऱ्या प्रकाशाचा इशारा सोडते, लगेच झोपते. म्हणून तर सेल टिकतो.

प्रत्येक रिमोटसारखाच दुसरा बनवून स्वतःकडे ठेवायची तिची सवय. ती धावत दुकानात गेली, तो घेऊन आली आणि पदराआडून बटण दाबलं. दिवा विझला.

"कुणीतरी शंका घेतली!" बाबा गरजले.

ताईने जमिनीवर डोकं टेकलं. "चुकलं! मरेन, पण सुई घेणार नाही!"

हे तर भलतंच झालं, धाकटीला वाटलं. ती किंचाळली, "भावोजी, हंडीच्या बुडाशी रिमोटचा इशारा पकडणारा काळा ठिपका आहे, त्यावर अंगठा दाबून धरा!"

भावोजींनी धरला. बाबांनी हात उंचावला. पुन्हा उंचावला. अंधारच.

"देव रजेवर गेला काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"आता अंगठा काढा." तिने रिमोट ताईच्या बोटाखाली सरकवला. "तूच दाब."

दिवा लागला. विझला. लागला.

भावोजींनी ताईला उचललं आणि चपलाही न घालता ते दवाखान्याकडे पळत सुटले.

दिवा लागला तर हात जोडण्याआधी बटण कुणाच्या हातात आहे ते शोधा. आणि औषध थांबवायचं तर ते डॉक्टरला विचारून, हंडीला नव्हे.

ताईने बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं.