स्पंजातली कोळंबी

चिमटीबाईने श्वास रोखून समुद्रातला स्पंज उसवला आणि तांदळाच्या कणीएवढी कोळंबी अलगद बशीत सोडली. हातातली चिमटी कधी सुटत नसे, म्हणून प्रयोगशाळेत तिला हेच नाव पडलं होतं. आता शंकाच उरली नव्हती. प्रजाती अगदी नवी, कुणी न पाहिलेली. पिल्लू असताना ती स्पंजाच्या भोकातून आत शिरते, आतच वाढते, आणि मग त्या भोकातून तिला बाहेर पडता येत नाही. हे शोधनिबंधात लिहिताना चिमटीबाईला रडूच आलं.

आजवरच्या तिच्या प्रत्येक निबंधावर पहिलं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचं. राबायचं हिने, मिरवायचं त्यांनी. दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयात जागा निघाली होती. अट एवढीच, की एक तरी निबंध एकटीच्या नावावर हवा. पण सरांना तुमचं नाव वगळा म्हणणं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं. शिवाय पहिल्या प्रजातीला आईचं नाव द्यायचं तिने कधीचं कबूल केलं होतं.

सर आले, सूक्ष्मदर्शकात डोकावले.

"नाव काय देतेयस?"

ती चिमटी पुसत राहिली. "तुमचं द्यावं म्हणते, सर."

"माझं?"

"एकदा छापलं की कायमचं. फक्त, नाव देणाऱ्याने स्वतःचंच नाव दिलं तर लोक हसतात. तुम्हीच शिकवलंत. तेव्हा लेखकांत तुम्ही असलात तर..."

सरांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग पेन काढून निबंधाच्या पहिल्या पानावरचं आपलं नाव खोडलं, पट्टी धरून, अगदी नीट.

"एकटीला झेपेल ना?"

"बघते," ती म्हणाली.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"दिलंस माझं नाव?"

चिमटीबाईला मान वर करवेना. "नाही गं. सरांचं दिलं. त्याशिवाय सुटका नव्हती."

"आत गेली की बाहेर येत नाही, तीच ना ती?"

"तीच."

"मग बरंच झालं. मी या घरात जन्म काढलाय, आणखी तिथे कशाला कोंडतेस मला?" आईने घडी मांडीवर दाबून सरळ केली. "तुझी बॅग माळ्यावर आहे. मला स्टुलावर चढवत नाही, तूच काढ."