एका शब्दाची पत्रं

रौनीने स्पॅम गाळायचा नवा नियम चालू केला आणि कॉफीला हात घातला. येणारी-जाणारी कुठलीही मेल चार ओळींहून लहान असली आणि तिच्यात लिंक असली, की थेट अडकवायची. उत्तरेकडच्या त्या थंड गावातल्या नगरपालिकेचा सगळा पत्रव्यवहार तिच्या हवाली होता, आणि महिन्यापूर्वी अशाच एका चिमुकल्या मेलने आरोग्य केंद्र बंद पाडलं होतं.

कॉफी निवायच्या आत अडकलेल्या मेलची रांग पडद्याबाहेर गेली.

"घावले," इल्पो शेजारच्या टेबलावरून उठून आला. "सगळ्यांत एकच लिंक. मजकूर काय, तर 'बघ'."

"पाठवणारे कोण ते पाहा ना. शाळेची स्वयंपाकीण, वाचनालयातली बाई, अग्निशामकवाले. आपलीच माणसं."

"म्हणजे सगळ्यांची खाती फुटली. कुलूप लाव. आरोग्य केंद्रालाही."

रौनीचं बोट अधांतरी राहिलं. कुलूप लावलं तर आज कुणाला औषधाची चिठ्ठी मिळायची नाही. नाही लावलं, तर पुन्हा तेच रामायण. तिने शाळेच्या स्वयंपाकिणीला, आयलाला, फोन लावला.

"आयला, तू कुणाला मेल पाठवलीस?"

"पाठवली की. वहिनीला, मग भाच्याला."

"नुसतं 'बघ' लिहून?"

"मग काय निबंध लिहू, बाई? लापशी लागतेय माझी खाली. तू बघितलंस का ते सांग."

फोन बंद झाला. अनोळखी लिंक उघडू नका, असं गावाला बजावून रौनीचा घसा बसला होता. बाजूला ठेवलेल्या जुन्या संगणकावर तिने ती उघडली.

पडदा पांढराशुभ्र झाला. मग त्या पांढऱ्यात एक डोळा उघडला.

मे महिन्यातलं बर्फ पाठीवर घेऊन गरुडाची मादी बसली होती. दलदलीपलीकडच्या पाइनवरचं घरटं. पक्षीमित्रांनी तिथे कॅमेरा लावल्यापासून एकाही अंड्यातून पिल्लू बाहेर आलं नव्हतं. मादी जराशी उठली. खाली कवचाला भोक पडलं होतं, आणि आतून कुणीतरी ते मोठं करत होतं. पाठीवरचं ओझं तिने झटकलं नाही. एक कणही आत पडू न देता ती तशीच, वाकून, उभी राहिली.

इल्पोने खुर्ची ओढली. कुलपाचं नाव पुन्हा निघालं नाही.

रौनीने सगळी रांग मोकळी केली. मग हेलसिंकीतल्या लेकीला लिहायला बसली. एक वाक्य लिहिलं, पुसलं. दुसरं लिहिलं, तेही पुसलं. शेवटी एक शब्द आणि ती लिंक उरली, तेवढंच पाठवलं.

रिकाम्या रांगेत एक मेल येऊन अडकली.

"ही कुणाची?" घरट्यावरची नजर न हलवता इल्पोने विचारलं.

"आहे एक गावातलीच," रौनी म्हणाली, आणि तिने ती आपल्या हाताने सोडली.