चारची मालगाडी

चार वाजायला दहा मिनिटं असली की मी चष्मा पुसतो, इंजिन एकदा पुढेमागे करून बघतो आणि फोनजवळ खुर्ची ओढतो. माझ्या बाहेरच्या खोलीत एक लांबलचक टेबल आहे. त्यावर आमची सिमेंटची भट्टी, तिचं यार्ड, पाच रूळ, वजनकाटा आणि टोकाला बोगदा. वॅगन दोन बोटांत मावते. बोगद्यापलीकडे चुनखडीची खाण, पण ती माझ्याकडे नाही. ती सांधेवाल्याकडे, इथून दोनशे किलोमीटरवर.

सांधेवाला म्हणजे माझा मित्र. खरी लाइन चालू होती तेव्हा तो खाणीच्या टोकाला सांधे बदलायचा, म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर घ्यायची दांडी ओढायचा. मी भट्टीच्या यार्डात कारकून. आलेल्या प्रत्येक वॅगनचा नंबर वहीत उतरवायचा, एवढंच माझं काम. एकतीस वर्षं केलं. मग खाण बंद पडली, रूळ भंगारात गेले, आणि आम्ही दोघांनी माझ्या खोलीत ती सगळी लाइन पुन्हा घातली. खरं तर त्यानेच घातली. मी खिळा ठोकायला घेतला की बोटच मध्ये येतं. मी नंबर रंगवले.

चार वर्षांपूर्वी त्याचा मुलगा त्याला शहरात घेऊन गेला. आदल्या दिवशी आम्ही बोगद्याजवळ टेबल करवतीने कापलं. खाण त्याची, भट्टी माझी. त्याआधी तीन महिने खपून त्याने चाळीसच्या चाळीस वॅगनना एकेक जुळी वॅगन बनवली होती, तोच रंग, तोच नंबर. चार वाजता त्याचा फोन येतो, "सोळा भरलेल्या, नंबर घे," आणि तो नंबर सांगत जातो. मी ते वहीत उतरवतो, त्या वॅगन खोक्यातून काढून बोगद्याशी रुळावर ठेवतो, इंजिन जोडतो, गाडी यार्डात घेतो. तिकडे तो त्यांच्या जुळ्या रुळावरून उचलून खोक्यात टाकतो. रिकाम्या परत पाठवताना उलट. कुठलीही वॅगन एका वेळी एकाच टोकाला. हा आमचा कायदा आहे आणि त्यात मी कुणाचं ऐकत नाही.

यात पाऊण तास जातो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी रविवारी फोन करून जेवलात का विचारते. बाकी दिवसभर दूधवाला "दूध" म्हणतो, तेवढंच. तो पाऊण तास नसेल तर मी कुणाशी बोललोच नाही असा दिवस जाईल, आणि तसे दिवस मी बघितलेले आहेत. मला ते पुन्हा नकोत.

तरी माझा स्वभाव जात नाही. गेल्या महिन्यात त्याचा फोन अकरा मिनिटं उशिरा आला तेव्हा मी त्याचा चांगला पाणउतारा केला. "भट्टी थंड पडली असती खरी असती तर," असंसुद्धा म्हणालो. तो म्हणाला, "चुकलं." एरवी एकाला चार सुनावणारा माणूस. मला वाटलं, वठणीवर आला.

काल सकाळी त्याचा मुलगा दारात उभा. हातात पुठ्ठ्याचं खोकं.

"काका, इकडे काम होतं म्हणून आलो. बाबांनी हे तुम्हाला द्यायला सांगितलंय."

मी उघडलं. वर्तमानपत्राच्या बोळ्यांत गुंडाळलेल्या चाळीस वॅगन. जुळ्या. एकीच्या चाकाला कोळिष्टक चिकटलेलं.

"या आत्ता काढल्या रुळावरून?" मी विचारलं.

"छे हो, आठ महिने झाले. धाकटीला अभ्यासाला खोली हवी होती, तेव्हा टेबल मोडलं. बाबाच म्हणाले, काढा. खोकं माळ्यावर होतं."

"आणि चार वाजता?"

"चार वाजता ते जिन्यात जाऊन बसतात, फोन घेऊन. घरात टीव्ही, मुलं, गोंगाट असतो ना. तुमच्या गप्पा चालतात तेवढा वेळ बरे असतात."

चहा नको म्हणाला, घाईत होता. तो गेला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठ महिने! मी इकडे एकेक वॅगन कपड्याने पुसून रुळावर ठेवतोय, आणि तिकडे रूळच नाहीत. मी वही काढली. आठ महिन्यांचे नंबर पहिल्यापासून तपासले. एकही चूक नाही. जी वॅगन माझ्याकडे होती तिचं नाव त्याने कधी घेतलं नाही, जी परत पाठवली तीच भरून आली. चाळीस वॅगन तो जिन्यात बसून डोक्यात फिरवत होता.

आणि एकही वॅगन घसरली नव्हती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खाणीच्या तोंडाशी त्याच्या टेबलावर तिहेरी सांधा होता, त्यावरून दिवसाआड वॅगन पडायची आणि तो फोनवर अशा शिव्या हासडायचा की मी फोन कानापासून लांब धरायचो. आठ महिन्यांत एक शिवी नाही. पण नंबर जुळले की माल पोचला, असं मानणारा माणूस मी. एकतीस वर्षं बाहेरचा नंबर वाचला, आत डोकावून बघायची कधी गरज पडली नाही.

राग ओसरला तशी भीती वाटायला लागली. त्याने खोकं का पाठवलं? संपवायचं म्हणून? मी दुपारी जेवलो नाही. इस्त्रीचं टेबल ओढत आणलं, बोगद्याच्या कापलेल्या तोंडाला लावलं आणि अडगळीतले उरलेले रूळ त्यावर मांडत बसलो. दोन बोटं चेमटली.

चार वाजले. फोन वाजला नाही. सव्वाचार झाले. भरलेली गाडी खाणीतून निघते, म्हणून पहिला फोन नेहमी त्याचा. चार वर्षांत मी तो नंबर कधी फिरवला नव्हता. फिरवला. पहिल्याच घंटीला त्याने उचलला.

"गाडी कुठाय?" मी म्हणालो.

तो म्हणाला, "खोकं मिळालं?"

"मिळालं."

"मग कसली गाडी विचारतोस?"

"चारची."

"तू त्या दिवशी उशिरावरून बोललास ना," तो म्हणाला, "तेव्हा जिन्यातून कुणाचा तरी सोफा चढवत होते. भिंतीला चिकटून उभा होतो मी. तुला सांगणार होतो, तोंडच उघडेना. म्हटलं, वॅगन पाठवून देऊ, कारकुनाला बघून कळेल. आता तू दुसरा कुणी बघ बाबा."

"बघतो की. मंडईत मिळतात ना सांधेवाले, पाव किलो आणतो."

तो हसला नाही.

"ऐक," मी म्हणालो. "मी इकडे खाण घातलीय. इस्त्रीच्या टेबलावर. तुझ्या वॅगन मांडल्यात. तू सांगायचं, मी ढकलणार."

"तू? तुला सांधा जोडता येतो?"

"नाही येत."

"तिहेरी ठेवलास?"

"तसंच काहीतरी झालंय."

"डावी पट्टी आतून लावलीस की बाहेरून?" त्याचा आवाज बदलला. "बाहेरून? अरे देवा. राहू दे, हात लावू नकोस. सतरा नंबर घे. हळू ढकल. हळू म्हणजे हळू, कारकुना."

मी फोन खांद्यात धरला आणि बोटाने सतरा नंबर ढकलली. सांध्यावर चढली, डुगडुगली आणि आडवी झाली.

"पडली," मी म्हणालो.

त्याने आठ महिन्यांच्या सगळ्या शिव्या एका दमात घातल्या. भट्टीचा, माझा, माझ्या हातांचा उद्धार झाला. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मध्येच तिकडे पावलं वाजली. जिन्यात कुणीतरी थांबलं असावं. बाईचा आवाज आला, "आजोबा, इथे पायरीवर का बसलात? किल्ली विसरलात का? घरात कोणी नाहीये?"

"आहेत की," तो म्हणाला. "सगळे आहेत."

पावलं वर निघून गेली. मग मी काहीच ऐकलं नाही असं दाखवलं आणि पुढचा नंबर विचारला.