अर्जुनाचं बोरन्हाण

मरीआईची आण, गळ्याची आण, ह्यातला एक शबूद खोटा न्हाई! शेजारनी म्हनत्यात म्हातारी थापा मारती. म्हनू देत.

दुष्काळ सरल्यावरची पैली संक्रांत. आष्ट्याजवळ आमचा मळा. बोरी अशा लदलेल्या, एकेक बोर लिंबाएवढं. फांदी मोडली तर खाली बैल दबला! माजा ल्योक जोतीराम फौजेत. त्याचा अर्जुना सव्वा वर्साचा, चारच दात आलेलं. सून शकुंतला वाईची. तिनं हौसंनं लेकराला काळं झबलं शिवलं, हलव्याचं दागिनं घातलं. थंडी बाधू नये, पोर वरीसभर धड ऱ्हावं, म्हनून पाटावर बसवून डोक्यावरनं बोरं, चुरमुरं, शेंगदानं वतलं. गल्लीतली पोरं लुटायला तुटून पडली.

अर्जुनानं बी लुटलं. मूठ भरून तोंडात.

ठसका लागला. खोकला थांबंना.

शकुंतला म्हनली, "आत्याबाई, घशात काय तरी गेलंय ह्याच्या. बगा की!"

माजी जाऊ साळूबाई मधी पडली. "घशात काय न्हाई. एवढं नटवलंस, नजर लागली. मिरच्या आन."

"आवं, दम लागतोय त्याला!"

"वाईत दिष्ट काढत न्हाईत व्हय? मला शिकवू नगं!"

साळूबाईनं पोरावरनं मीठ-मिरच्या उतरून निखाऱ्यावर टाकल्या. ठसका उठला न्हाई तर नजर खरी, असं आमच्यात धरत्यात. ठसका असा उठला की समदी खोकलो. म्हंजी नजर नव्हतीच.

अर्जुना मातुर खोकायचा थांबला.

"बगा, उतरली!" कुनी तरी म्हनलं. तवर व्हट निळं पडलंवतं. शकुंतलेनं पोर वडून घेतलं, सडकंला पळत गेली. म्या मागनं. उसाचा ट्रक थांबवून मिरज गाठली.

डाक्टरनं चिमट्यात अर्धा शेंगदाना धरून दावला. अर्जुना वाटंतच गेलावता.

"लगीच पालथं धरून पाठीत थापट्या मारायच्या," डाक्टर म्हनला. "आन डोळं एवढं लाल कशानं ह्याचं?"

म्या पदरानं अर्जुनाचं डोळं पुसलं.

शकुंतलेनं त्या दिसापासनं मला आत्याबाई म्हनून हाक मारली न्हाई.

तवा बायांनो, बारक्या पोरावर चुरमुरं वता, हवं तर फुलं वता. दानं नगं.

आन एक खोटं घातलंय ह्यात. बोरांचं न्हाई. साळूबाई नावाची जाऊ मला कवाच नव्हती. मिरच्या म्या टाकल्या.