खरखर बंद केली त्याची गोष्ट

फोन आला तेव्हा लक्ष्मीकांत सेंदाईच्या ऑफिसात डबा उघडत होता. दोन हजार सहाच्या फेब्रुवारीची एक तारीख, बुधवार. फोनवर एंदो-सान होते. त्याची बायको जयंती ज्या संस्थेची भाजी व्हॅनमधून घरोघर पोचवायची, तिथे बसून गाड्यांशी वायरलेसवर बोलणारे साठीचे गृहस्थ. ते जपानीत एकच वाक्य घोळवत राहिले, "माफ करा, मी चारदा हाक मारली." घाटात बर्फावरून व्हॅन घसरली आणि जयंती गेली, एवढं कळायला त्याला तीन वेळा विचारावं लागलं. डबा तिनेच भरून दिला होता.

त्या घाटात मोबाईलला रेंज नसायची, म्हणून व्हॅनमध्ये वायरलेस. तो जानेवारीत बिघडला होता.

"अरे, नुसती खरखर! मोहरी तडतडल्यासारखी. माझंही बोलणं एंदो-सानना अर्धंच पोचतं. बघ ना जरा."

"रविवारी बघतो."

"दोन रविवार झाले. क्लायंटच्या सर्व्हरला शिंक आली तरी धावतोस. मीही ईमेल पाठवू का, तुझ्या साहेबाला सीसी करून?"

त्यांची आठ वर्षांची लेक ज्ञानदा खिदळली. लक्ष्मीकांत खाली पार्किंगमध्ये गेला. कॉलेजात असताना त्याने असले सेट उघडले होते. बॅटरीची वायर, माइकची वायर आणि टपावरच्या अँटेनाची बैठक, क्रमाने काय बघायचं ते त्याला ठाऊक होतं. पण बोटं गारठली होती आणि वर चहा झाला होता. त्याने स्क्वेल्चचं बटण उजवीकडे पिळलं. त्या बटणाने खरखर दबते, पण जास्त पिळलं तर लांबून येणारा क्षीण आवाजही दबतो. हेही त्याला ठाऊक होतं. ऑफिसात ते असंच करायचे. आधी तक्रार शांत करायची, तिचं तिकीट, म्हणजे नोंद, बंद करायचं, मूळ दोष नंतर बघू.

"वा! एकदम शांत," जयंती म्हणाली. "जादूगारच आहेस की."

"अँटेना पुढच्या रविवारी बघतो."

"राहू दे आता. चाललंय ना छान."

तो रविवार यायच्या आत बुधवार आला.

तेरावा झाल्यावर तो तिचं सामान आणायला संस्थेच्या आवारात गेला. व्हॅनचं नाक चेपलं होतं, मागचा भाग धड होता. बटण त्याने ठेवलं तिथेच होतं. त्याने सेट तिथल्या एका बॅटरीला जोडला. काही ऐकू येईना. बटण थोडं डावीकडे घेतलं. घाटातल्या दुसऱ्या गाडीतली बाई बोलत होती. खरखर होती, पण शब्द कळत होते.

मग त्याने पाना मागून घेतला आणि अँटेना सोडवली. नट बोटानेच फिरला. बैठकीखाली गंज होता, त्यामुळे अर्थिंग मिळत नव्हतं. त्याने गंज खरवडला, नट आवळला. बाईचा आवाज शेजारी बसल्यासारखा येऊ लागला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

एंदो-सान बाहेर आले आणि कमरेत वाकले.

"रस्ता बंद झालाय, मागे फिरा, असं चारदा सांगितलं. उत्तर येईना तेव्हाच मी दुसरी गाडी पाठवायला हवी होती. चूक माझी. महिनाअखेरीस मी काम सोडतोय."

"तुमची चूक नाही," लक्ष्मीकांत म्हणाला.

इथे असं सगळेच म्हणतात. एंदो-सानना तो शिष्टाचार वाटला. ते आणखी खाली वाकले. पुढचं वाक्य लक्ष्मीकांतने गाडीत बसून तीनदा घोकलं होतं. ते तोंडून निघालं नाही. तोही वाकला आणि जयंतीचे हातमोजे घेऊन घरी आला.

ज्ञानदाने जपानीत विचारलं, "बाबा, एंदो-आजोबांनी आईला सांगितलंच नाही का?"

"सांगितलं होतं, बाळा."

"मग आईला ऐकू का नाही आलं?"

"हातपाय धू. जेवायला बस."

महिना संपायला नऊ दिवस आहेत. बटण कुणी पिळलं होतं, हे लक्ष्मीकांतने एंदो-सानना अजून सांगितलेलं नाही. ज्ञानदालाही नाही.